ठसा पुसला की शेळीही जाते आणि भरपाईही

पहाटे कोठ्यावर गेलेल्या माणसाला दावणीला दोन शेळ्या कमी दिसतात. एक बांधापलीकडच्या तुरीत मरून पडलेली असते, दुसरीचा पत्ता नसतो. तो हाक मारतो, शेजारचा धावत येतो. शेजाऱ्याच्या खिशात मोबाइल असतो. सात वाजता ‘मुरुम शिवारात बिबट्या’ हा निरोप येणेगूरपासून आलूरपर्यंत पोचलेला असतो. आठ वाजता पोरे मोटारसायकली घेऊन येतात. नऊ वाजेपर्यंत शे-दीडशे माणसे त्या तुरीतून फिरून जातात. कोणी मेलेल्या शेळीला पाय धरून बांधावर ओढून आणतो, कारण तुरीत फोटो नीट येत नाही. दुपारी, नाहीतर दुसऱ्या दिवशी, वनरक्षक येतो. तो खाली बघतो. त्याला दिसते ती चपलांची, बुटांची आणि टायरांची नक्षी. तो कागदावर लिहितो, ‘वन्यप्राण्याचे ठसे आढळून आले नाहीत.’ त्या एका ओळीने प्रकरण संपते.

मागच्या सुगीत असे प्रकरण आमच्या डोळ्यांपुढे घडले. नाव कोणाचे घेत नाही, कारण चूक कोणा एकाची नव्हती. त्या गर्दीत आम्हीही होतो आणि आमच्याही चपलेचा ठसा त्या तुरीत होता. त्या गड्याची शेळी गेली ती जनावराने नेली. भरपाई गेली ती आपण सगळ्यांनी मिळून नेली. म्हणून या अंकात कापसाच्या भावावर लिहायचे बाजूला ठेवून जनावराच्या पायाच्या ठशावर लिहीत आहोत. काही वाचकांना हा विषय शिकारकथेच्या पुस्तकातला वाटेल. पण कोरडवाहू माणसाच्या घरात कापूस पडला, ज्वारी करपली तर उरते ती शेळी. तिचा हिशेब हा शेतीचाच हिशेब आहे.

आधी पैशाचे बोलू. महाराष्ट्र शासनाच्या ऑगस्ट २०२२ च्या निर्णयाप्रमाणे गाय, बैल किंवा म्हैस वन्यप्राण्याने मारली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार रुपये, यांतले जे कमी असेल ते मिळते. शेळी-मेंढीसाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५ हजार, यांतले कमी. माणूस दगावला तर वारसांना २०२३ पासून २५ लाख रुपये ठरले आहेत. वाघ, बिबट्या, लांडगा, तरस, कोल्हा हे सगळे त्या यादीत आहेत. गावचे मोकाट कुत्रे यादीत नाही. म्हणजे तुमच्या शेळीचा गळा कोणाच्या दाताने फुटला यावर नऊ-दहा हजार रुपये मिळणार की शून्य, हे ठरते. आणि ते ठरवायला रात्री तिथे कोणी साक्षीदार नव्हता. साक्षीदार एकच, जमीन.

या दराबद्दलही एक शब्द बोलला पाहिजे. समजा बैल साठ हजारांचा. पंचाहत्तर टक्क्यांनी पंचेचाळीस हजार झाले. उरलेले पंधरा हजार कोणाचे? वाघ-बिबट्या-लांडगा राखायचा हा निर्णय देशाने १९७२ च्या वन्यजीव कायद्याने केला. चांगला केला, आमची त्याला हरकत नाही. पण त्या निर्णयाच्या खर्चाचा चौथा हिस्सा ज्याचा बैल गेला त्यानेच का भरायचा, याचे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही. शहरातल्या माणसाने अभयारण्यात जाऊन वाघ बघायचा, आनंद मानायचा, आणि त्या वाघाला सांभाळण्याची वर्गणी मात्र येडशीच्या किंवा बार्शीच्या गुराख्याकडून घ्यायची. ही लेव्ही धान्याच्या लेव्हीसारखीच आहे, फक्त तिला नाव नाही.

पण दर वाढवून मागायचा असेल तर आधी आजच्या दराने जे मिळते ते पदरात पाडून घेता आले पाहिजे. त्याच्या अटी साध्या आहेत. घटना घडल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या वनाधिकाऱ्याला कळवायचे. मेलेले जनावर पंचनामा होईपर्यंत जागेवरून हलवायचे नाही. पशुवैद्यकाकडून जनावराच्या किमतीचा दाखला घ्यायचा. वनखात्याचा १९२६ हा फोन नंबर फुकट लागतो. त्यावर कळवले तर वेळेची नोंद राहते. यातली दुसरी अट आपण बहुतेक वेळा स्वतःच्या हाताने मोडतो.

आता ठशाकडे येऊ.

आपल्या गावाचे नाव मुरुम, आणि मुरमाड रानात ठसा उठत नाही ही आपली पहिली अडचण. माळावर, खडकाळ पड रानात तासभर शोधले तरी काही हाती लागत नाही. म्हणून मेलेल्या शेळीच्या भोवती घिरट्या घालण्यापेक्षा जनावर आले कुठून आणि गेले कुठे याचा विचार करावा. जनावरही आपल्यासारखेच सोप्या वाटेने चालते. गाडीवाटेच्या फुफाट्यात, पाणंदीत, ओढ्याच्या वाळूत, बेनितुरेच्या काठच्या ओल्या गाळात, हरभऱ्याला पाणी दिलेल्या सऱ्यांत, नुकत्या कुळवलेल्या काळ्या रानात ठसा हमखास मिळतो. बघायला जायचे ते दिवस उगवताना. ऊन तिरपे असते तेव्हा ठशाच्या कडेची सावली पडते आणि तो उठून दिसतो. तोच ठसा बारा वाजता डोळ्यांपुढे असून दिसत नाही. सूर्याकडे तोंड करून, ठसा आपल्या आणि सूर्याच्या मधे येईल असे उभे राहिले की आणखी बरे दिसते.

पहिला प्रश्न एवढाच विचारायचा: हे मांजराच्या जातीचे की कुत्र्याच्या जातीचे? वाघ, बिबट्या, रानमांजर ही एका घरची. कुत्रा, लांडगा, कोल्हा, खोकड ही दुसऱ्या घरची. तरस दिसायला आणि ठशाला कुत्र्याच्या बाजूचे वाटते, म्हणून त्याला तूर्त त्याच रांगेत बसवू.

मांजराच्या जातीचा ठसा गोल असतो. चार बोटे, मागे एक मोठी गादी. नखे दिसत नाहीत, कारण चालताना ती आत ओढलेली असतात. घरची मांजर ओल्या शेणसारवणावरून गेली की तिचा पाय बघा. बिबट्याचा ठसा म्हणजे तोच मोठा केलेला. गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतात. चार बोटांतले एक बोट थोडे पुढे आलेले असते, आपल्या हाताच्या मधल्या बोटासारखे, त्यामुळे पाय डावा की उजवा हेही सांगता येते.

कुत्र्याच्या जातीचा ठसा लांबट असतो, पुढे निमुळता. बोटांच्या पुढे नखांचे टोचे दिसतात. मधली दोन बोटे शेजारी शेजारी, सरळ पुढे. गादी लहान, तिकोनी. ठशाच्या मधोमध एक काडी तिरपी आणि दुसरी तिच्यावर फुलीसारखी ठेवली, तर कुत्र्याच्या ठशात ती फुली गादीला आणि बोटांना न लागता मधल्या रिकाम्या जागेतून जाते. मांजराच्या ठशात गादी मोठी असल्यामुळे फुली बसत नाही. ही खूण पोरांना एकदा दाखवली की ती आयुष्यभर विसरत नाहीत.

नखे दिसली म्हणजे बिबट्या नाहीच, असे मात्र डोळे मिटून म्हणू नये. चिखलात घसरताना किंवा उडी घेताना मांजरही नखे बाहेर काढते. एका ठशावर निकाल देऊ नये. पाच-सहा ठसे मागोमाग बघावेत आणि त्यांतला सगळ्यात स्वच्छ धरावा.

मग माप. रानमांजराचा ठसा अडीच बोटांच्या आत, चार-पाच सेंटिमीटर. बिबट्याचा साधारण चार बोटे रुंद, सात ते नऊ सेंटिमीटर. वाघाचा बारा सेंटिमीटरच्या पुढे, म्हणजे पसरलेला तळहात झाकणारा. या तिघांत घोटाळा व्हायचे कारण नाही, तरी होतो, आणि तो बहुधा एकाच कारणाने होतो. आपली काळी माती ओली असताना पाय रुततो, कडा पसरतात, आणि वाळल्यावर तोच ठसा सव्वापट दिसतो. रानमांजराचा बिबट्या आणि बिबट्याचा वाघ इथेच होतो. म्हणून माप घेताना वरच्या फुटलेल्या कडेचे घेऊ नये, तळाशी जिथे पाय प्रत्यक्ष टेकला तिथले घ्यावे.

कुत्र्याच्या घरात मात्र काम अवघड आहे, आणि आपल्या भागात भांडण नेमके तिथेच आहे. आपल्या माळरानांचा खरा शिकारी लांडगा आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यापासून आपल्या माळांपर्यंत तो पूर्वापार आहे, आणि मेंढपाळाला तो बिबट्यापेक्षा जास्त ओळखीचा आहे. त्याचा ठसा मोठ्या गावठी कुत्र्याच्या ठशापेक्षा थोडा मोठा असतो, पण नुसत्या मापावर विसंबले तर फसायला होते. बघायची ती चाल. लांडगा कामावर निघालेल्या माणसासारखा चालतो. सरळ रेघेत, मैलभर तसाच, मागचा पाय पुढच्याच्या ठशावर टाकत. कुत्रे हुंगत, वळत, मागे फिरत, बाभळीपाशी थांबत जाते. पन्नास पावले माग काढली की त्या रानातून गेलेला मालक होता की भटका, हे कळते.

तरसाची खूण वेगळी. पुढचा पाय मोठा आणि मागचा बराच लहान, जणू दोन वेगळी जनावरे एकामागून एक गेली आहेत. नखे बोथट. तरस मुख्यतः मेलेले खाणारे, हाडे फोडणारे जनावर. पण शेळी दुसऱ्याने मारलेली असते आणि पहाटे तिथे तरस दिसते, म्हणून आळ त्याच्यावर येतो. माणसांतही असे होते.

मेलेल्या शेळीकडेही बघावे, पण हात न लावता. बिबट्या बहुधा गळा धरतो. नरड्याला दातांच्या खोल भोकांच्या जोड्या दिसतात, आणि तो शिकार ओढत आडोशाला नेतो. ओढल्याची रेघ रानात राहते. मोकाट कुत्री मागच्या मांड्या, कान, पोट कुठेही फाडतात, आणि चार-पाच शेळ्या लोळवून खातात थोडेच. लांडगेही एका रात्री अनेक मेंढ्या मारू शकतात, त्यामुळे आकड्यावरून ठरवू नये. सगळे एकत्र बघून ठरवावे: ठसा, चाल, दाताची जागा, ओढल्याची रेघ, विष्ठेतले केस.

ठसा सापडला की पहिले काम त्यावर घमेले पालथे घालायचे. वर दगड ठेवायचा. टोपले चालेल, पाटी चालेल. चारी बाजूंनी दहा-दहा पावलांवर काटेरी फांद्या टाकून वाट अडवायची. मग फोटो, सरळ वरून, ठशाशेजारी शिंप्याची टेप किंवा निदान काड्यापेटी ठेवून. माप न ठेवता काढलेला फोटो कोणाच्याच कामाचा नाही. त्यात मांजर आणि वाघ सारखेच दिसतात. दुसरा फोटो दूरून, ज्यात ठसा, बांध आणि एखादे झाड एकत्र येईल, म्हणजे जागा कुठली यावर वाद राहत नाही. वनरक्षक आला की घमेले त्याच्या देखत उचलायचे.

ठशाच्या विद्येला मर्यादाही आहेत, त्या सांगितल्या नाहीत तर आम्हीही अफवा पसरवणारे ठरू. ओडिशातले वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६६ च्या सुमारास ठशांवरून वाघ मोजायची पद्धत बसवली आणि पुढे देशभर तीच चालली. काचेवर ठसा उतरवायचा, प्लास्टरचा साचा काढायचा, आणि हा नर, ही मादी, हा तोच कालचा, असे ठरवायचे. राजस्थानातल्या सरिस्का प्रकल्पात २००४ साली कागदावर डझनाहून जास्त वाघ होते. काही महिन्यांतच कळले की शिकाऱ्यांनी सगळे संपवले आहेत, एकही उरलेला नाही. तेव्हापासून मोजणीसाठी कॅमेरे आले. ठसा जात सांगतो, दिशा सांगतो, ताजा की शिळा हे सांगतो. वय, वजन आणि नर-मादी छातीठोक सांगणारा भेटला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

ताजेपणाची खूण मात्र कोणीही शिकू शकतो. कडा धारदार आणि आतली माती बाहेरच्यापेक्षा ओलसर असेल तर ठसा या पहाटेचा. त्यात दवाचे थेंब पडलेले असतील तर दव पडण्याआधीचा. मुंग्यांची किंवा किड्याची वाट ठशावरून आरपार गेलेली असेल तर त्याला बरेच तास झाले. तीच वाट ठशाखाली दबलेली असेल तर जनावर नंतर आले.

हे सगळे आम्ही पुस्तकातून शिकलो असे वाटू देत नाही. आपल्या भागात हे ज्यांना येत होते ते धनगर मेंढपाळ, जुने सालगडी आणि पारधी. पारधी समाजाला इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवले, १९५२ साली तो शिक्का कायद्यातून पुसला गेला, पण गावकीच्या मनातून अजून पुसलेला नाही. गावात चोरी झाली की आपण त्यांच्या पालावर जातो. शेळी मेली की मात्र माग काढायला त्यांना बोलवायचे सुचत नाही. अर्ध्या रानाचा माग नजरेने वाचणारी म्हातारी माणसे अजून काही आहेत. त्यांच्याबरोबर दोन सकाळी फिरले तर या लेखाची गरज उरणार नाही.

आता भीतीविषयी बोलू, कारण ठसा चुकीचा वाचण्याची किंमत नुसती भरपाईत मोजता येत नाही. ‘बिबट्या आला’ या एका निरोपाने आठ-आठ दिवस वेचणीला बाया येत नाहीत. बोंड फुटून कापूस रानात लोळतो, वर एखादे आभाळ आले की तो पिवळा पडतो. ज्वारीची काढणी अडते. पोरींची शाळा बंद होते, आणि एकदा बंद झालेली पोरीची शाळा पुन्हा सुरू होईलच असे नाही. पुढे काठ्या घेऊन जमाव निघतो आणि ओढ्यातले एखादे तरस किंवा रानमांजराची पिले मारली जातात. बिबट्या आणि लांडगा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर मारणाऱ्याला किमान तीन वर्षे आणि सात वर्षांपर्यंत कैद आहे. मेलेल्या शेळीवर औषध टाकून ठेवणे हाही त्याच कायद्याखालचा गुन्हा आहे. आणि त्यात मरतात ती बहुधा गावचीच कुत्री.

पण भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड भागात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तीन आठवड्यांत बिबट्याने तीन माणसे मारली, त्यांत दोन लेकरे होती. ज्यांच्या घरात हे घडले त्यांना सहजीवनाचे व्याख्यान देणाऱ्याने आधी त्यांच्या ओसरीवर एक रात्र काढावी.

त्याच भागातला जुना अनुभवही लक्षात ठेवण्यासारखा आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर परिसरात बिबटे पिंजऱ्यात धरून लांबच्या जंगलात नेऊन सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा दिसले की आधी वर्षाला सरासरी चारेक हल्ले होत होते, ते सतराच्या आसपास गेले. ओळखीचे रान सुटलेले जनावर बावरते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरे येते. उलट नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात त्यांना दर शंभर चौरस किलोमीटरला पाचेक बिबटे उसात राहताना आढळले, माणसांची वस्ती दाट असून आणि तेव्हा माणूस मारला जात नसून. म्हणून गावात ‘पिंजरा लावा’ ही मागणी सगळ्यात सोपी असली तरी ती पहिली मागणी नसावी. माणूस मारणारे जनावर धरलेच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण ठसा दिसला म्हणून पिंजरा, हे आजाराचे नाव कळण्याआधी इंजेक्शन टोचण्यासारखे आहे.

समोर आलेच तर? पळू नये. पळणाऱ्यामागे धावणे हा मांजराच्या जातीचा स्वभाव आहे. वाकू नये, बसू नये. लेकरू बरोबर असेल तर न वाकता उचलून घ्यावे. उभे राहून हात वर करावेत, टॉवेल, घोंगडे, जे असेल ते वर धरून मोठे दिसावे, मोठ्याने बोलावे, आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरावे. अमेरिकेच्या पश्चिमेकडे डोंगरी सिंह म्हणतात त्या जनावराच्या मुलखात मेंढपाळांना आणि शाळेतल्या मुलांना अक्षरशः हेच शिकवतात. त्याची निघून जायची वाट मात्र कधी अडवू नये. गर्दीने घेरलेला बिबट्या हा एकट्या बिबट्यापेक्षा दहापट धोक्याचा, आणि आपल्याकडची बरीच माणसे मोबाइलवर चित्रीकरण करतानाच जखमी होतात. लांडगा किंवा कोल्हा दिवसाढवळ्या न बिचकता अंगावर आला तर तो पिसाळलेला समजावा. ओरखडा असला तरी जखम साबणाने धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात लस घ्यावी.

आणि एक गोष्ट आपल्या बायांसाठी, कारण शेतात वाकून काम त्याच करतात. बिबट्या उभ्या माणसाला बिचकतो, पण बसलेले किंवा वाकलेले माणूस त्याला लहान जनावरासारखे दिसू शकते. ज्वारी उपटताना, पऱ्हाटीत वेचताना, संध्याकाळी गवत कापताना एकटे राहू नये, बोलत राहावे, अंधार पडायच्या आत उठावे. अंधारात शेतात शौचाला जावे लागते त्या घरांची अडचणही इथेच येते. लेकराला गर्दीच्या मधोमध ठेवावे, मागे चालायला लावू नये. पिकाच्या कापणीत पिले सापडली तर ती घरी आणू नयेत, हात लावू नये. वनखात्याला कळवून रात्रभर तिथेच राहू द्यावीत, आई येऊन नेते.

रात्रीच्या पाण्याचा प्रश्न तर यातून वेगळा काढताच येत नाही. आपण कोरडवाहू खरे, पण विहिरीला चार दिवस पाणी असते तेव्हा शाळूला एक आणि हरभऱ्याला एक पाणी देऊन पीक वाचवतो. ती वीज येते रात्री. दिवसा वीज देणाऱ्या सौर वाहिनीच्या योजनेचा दुसरा टप्पा २०२३ साली सुरू झाला. ज्या फीडरवर ती पोचली तिथे फरक पडला आहे. जिथे पोचली नाही तिथला शेतकरी अजून रात्री दोन वाजता दारे धरायला वाकतो. बिबट्याच्या शिकारीच्या वेळी, अंधारात, एकटा, चिखलात, वाकून. शेतात सापाने आणि शॉकने माणसे मेली तेव्हा ही मागणी केली होती. आता तिला आणखी एक कारण मिळाले आहे.

कोणी म्हणेल, मुरुमकडे कुठे आला वाघ? जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात डिसेंबर २०२४ मध्ये कॅमेऱ्यात वाघ आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा तो, साडेचारशे किलोमीटरच्या आसपास चालून आलेला. अभयारण्य सगळे मिळून साडेबावीस चौरस किलोमीटरचे. म्हणजे तो जंगलात कमी आणि आपल्यासारख्यांच्या रानात जास्त वावरला. बार्शी आणि धाराशिवच्या शिवारात त्याने जनावरे मारली, त्याला धरायला बाहेरून पथके आली, आणि महिनोन्महिने तो त्यांच्या हाती लागला नाही. या भागात पिढ्यान्‌पिढ्या वाघ नव्हता. टिपेश्वरपासून येडशीपर्यंत किती शेतकऱ्यांच्या बांधावरून तो गेला असेल, किती सऱ्यांत त्याचा तळहाताएवढा पाय उमटला असेल आणि सकाळी पाण्याच्या पाळीत पुसला गेला असेल. टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ २०१९ साली निघाला आणि मराठवाडा-विदर्भाची शिवारे तुडवत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. त्याच्या गळ्यात पट्टा होता म्हणून आपल्याला कळले.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीत हा विषय घेतला आहे. मागण्या तीन मांडायच्या आहेत: भरपाई पूर्ण बाजारभावाने, पंचनामा कळवल्यापासून चोवीस तासांत आणि ठसे नसतील तर दाताच्या खुणा व पशुवैद्यकाचा दाखला पुरावा म्हणून धरून, आणि उरलेल्या सगळ्या शेतीच्या फीडरवर दिवसा वीज. मागणी मांडताना हातात कागद लागतात. ज्यांचे अर्ज ‘ठसे आढळले नाहीत’ किंवा ‘कुत्र्याने मारले’ म्हणून परत आले त्यांनी अर्जाची आणि उत्तराची नक्कल आणावी. गट नंबर, तारीख, जनावर कोणते, कळवले केव्हा आणि पंचनामा झाला केव्हा, एवढे मागे लिहावे. ठशांचे फोटो असतील तर आणावेत, माप ठेवलेले असोत वा नसोत. प्रत्येक गावातून निदान दोघांनी, त्यांत एक तरी बाई असावी, सकाळच्या सत्रासाठी आदल्या रात्री मुक्कामाला यावे. पहाटे साडेसहाला ओढ्याच्या वाळूत जायचे आहे, आणि चपला काठावर काढून ठेवायच्या आहेत.